न गोठलेलं रक्त

रात्री घरात निजानीज झाली की आईच्या छातीतून आवाज येतो. टिक, टिक. जवळ निजलेल्या माणसाला घड्याळाचा वाटावा असा. २०११ मध्ये तिच्या हृदयाची झडप बदलली आणि तिथे धातूची नवी झडप बसवली, तिचा हा आवाज. त्याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की ती गावाहून माझ्याकडे येऊन परत गेली, की पहिले काही दिवस मला झोप लागत नाही.

त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती रोज संध्याकाळी एक बारीक गोळी घेते. तीन दिवस अख्खी, चार दिवस अर्धी. अर्धी करायला तिला सुरी लागत नाही, दोन्ही अंगठ्यांची नखं लावते आणि कट्‌कन मोडते. गोळीचं नाव वॉरफरिन. आमच्या घरात तिला ‘रक्ताची गोळी’ म्हणतात. महिन्याला रक्त तपासायचं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, किती आला ते लिहून ठेवायचं, डॉक्टरांना दाखवायचं. मेथी, पालक खायचा तो बेतानं, कारण पालेभाजी अचानक जास्त झाली की गोळीचा असर कमी होतो.

हे आकडे आई ज्या वहीत लिहिते ती वही दुधाची आहे. तात्या होते तोवर आमच्याकडे दोन म्हशी आणि तीन जर्सी गाई होत्या. वहीचे रकाने अजून तसेच आहेत: तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. तात्या गेले, जनावरं विकली, मागची पंचवीस-तीस पानं कोरी राहिली. कोरी पानं फेकून देणं आईच्या स्वभावात नाही. त्यामुळे अर्ध्या वहीत फॅट ३.६, ३.८, ६.४, आणि उरलेल्या अर्ध्या वहीत आयएनआर २.४, ३.१, २.८. सगळे आकडे दशांश चिन्हाचे, आणि सगळे तिच्याच वळणदार अक्षरात.

मी गेली चौदा वर्षं अमेरिकेत मॅडिसनला राहते. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी, आणि राज्याचं विद्यापीठही इथेच. त्या वहीतले दोन्ही रकाने या विद्यापीठाच्या शेतीशाळेतून निघाले हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यापासून मी बस पकडायला त्या इमारतींवरून जाते तेव्हा चाल आपोआप मंदावते.

आधी फॅटचं सांगते.

पहाटे साडेपाचला तात्या सायकलला दोन किटल्या अडकवून संकलन केंद्रावर जायचे. सुट्टीत मी मागे बसायची. तिथला मुलगा प्रत्येकाच्या दुधातून पिपेटनं १०.७५ मिली दूध ओढायचा, काचेच्या बुटिरोमीटरमध्ये, म्हणजे रेघा आखलेल्या नळीत, आधीच घातलेल्या ॲसिडवर ते हळूच सोडायचा, थोडं अल्कोहोल, वरून बूच. मग सगळ्या नळ्या यंत्रात लावून हँडल गरगर फिरवायचा. नळ्या बाहेर निघाल्या की गरम असायच्या, फडक्यात धरायला लागायच्या. नळीच्या बारीक मानेत तुपाच्या रंगाची पट्टी वर आलेली असायची आणि ती किती रेघा व्यापते त्यावर आमच्या घरातला आठवडा ठरायचा. ‘किती लागली?’ हा आमच्या गावातला सकाळचा पहिला प्रश्न. कुणाची फॅट लागत नाही म्हणजे त्याच्या घरी काही तरी बिनसलंय, एवढा त्याचा अर्थ जायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, नळ्या गेल्या. ‘फॅट लागणं’ राहिलं.

ही पद्धत गर्बर नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या माणसाची. तिची थोरली बहीण मात्र मॅडिसनची. १८८७ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं हॅच कायदा केला आणि प्रत्येक राज्याला शेतीच्या प्रयोगकेंद्रासाठी वर्षाला १५,००० डॉलर द्यायचं ठरवलं. स्टीफन बॅबकॉक हे रसायनशास्त्रज्ञ त्याच सुमारास इथे प्रयोगकेंद्रावर रुजू झाले. विस्कॉन्सिन तेव्हा गहू सोडून दुधाकडे वळत होतं. गव्हानं जमिनी थकल्या होत्या, कीड पडत होती. लोकांनी गाई धरल्या, गावोगाव लोणी-चीजचे कारखाने निघाले, आणि तिथे एकच भांडण रोज. दूध वजनावर घेतलं जायचं. ज्यानं पाणी घातलं, वरची साय काढून घेतली, त्याला आणि ज्यानं गाईला पोटच्या पोरासारखं जपलं त्याला एकच भाव. चांगली गाय कुठली आणि नुसतं पाणी देणारी कुठली, हेही कुणाला आकड्यात सांगता येत नव्हतं.

बॅबकॉकांनी १८९० मध्ये उपाय प्रसिद्ध केला. लांब मानेची बाटली, १७.६ मिली दूध, जवळपास तेवढंच गंधकाम्ल, आणि गरगर फिरवणं. आम्लानं दुधातलं बाकी सगळं विरघळतं, फॅट तेवढी मोकळी होऊन मानेत चढते. चीजच्या कारखान्यातला कुठलाही पोऱ्या दोन दिवसांत शिकेल इतकं सोपं. पेटंट घेतलं असतं तर ते धनाढ्य झाले असते. त्यांनी घेतलं नाही. पगार लोकांच्या पैशातून मिळतो, तर शोधही लोकांचा, इतका सरळ हिशेब. पत्रक छापलं आणि ज्याला हवी त्याला पद्धत फुकट दिली. त्याच वर्षी विद्यापीठानं दुग्धशाळेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि चीज करणारे, लोणी काढणारे वर्गात येऊन बसू लागले. ज्या विद्यापीठाकडे शेतकरी त्याआधी संशयानं बघत होते, त्याच्याकडे ते आपलं म्हणून बघू लागले ते बाटलीच्या मानेतल्या त्या पिवळ्या पट्टीमुळे, असं माझं मत आहे.

आई दोन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा तिला बॅबकॉक हॉलमध्ये आइस्क्रीम खायला नेलं. विद्यापीठाची डेअरी आहे ती, अजून चालू आहे. तिनं आधी काउंटरमागच्या मोठ्या पिंपांकडे बघितलं, मग चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाली, “चांगल्या फॅटचं दूध आहे गं.” मी तिला भिंतीवरचं नाव दाखवलं. तुझ्या वहीतला तिसरा रकाना सुरू झाला तो या माणसापासून, म्हटलं. तिनं कप खाली ठेवला, पदर सावरला आणि त्या नावाला हात जोडले. आजूबाजूला कॉलेजची पोरं होती. तिला त्याचं काही नव्हतं.

मग तिनं विचारलं, “ह्याला पगार कोण द्यायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे आणि त्यातला पहिला भाग सांगताना जीभ जड होते.

१८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकननी मॉरिल कायद्यावर सही केली. जस्टिन मॉरिल हे व्हर्मॉंटचे खासदार, लोहाराचा मुलगा, पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली. शेतकऱ्या-कारागिरांच्या पोरांना शिकता येईल अशी कॉलेजं प्रत्येक राज्यात हवीत हा त्यांचा ध्यास. आधी एकदा तो कायदा संसदेत मंजूर झाला होता, १८५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनननी तो परत धाडला. सरकारकडे रोकड नव्हती, जमीन होती. म्हणून प्रत्येक राज्याला त्याच्या दर खासदारामागे ३०,००० एकर जमीन द्यायची, ती विकून आलेल्या पैशाच्या व्याजावर कॉलेज चालवायचं. विस्कॉन्सिनचे आठ खासदार, म्हणून २,४०,००० एकर. यावरूनच या विद्यापीठांना लँड-ग्रँट म्हणतात. आपल्याकडे इनाम जमिनीवर देवस्थानं चालायची, तशी इथे विद्यापीठं उभी राहिली.

पण इनाम दिलेली जमीन मोकळी पडलेली नव्हती. ती ओजिब्वे, मेनॉमिनी आणि अशा जवळजवळ अडीचशे आदिवासी जमातींची होती. कुठे करार करून, कुठे करार मोडून, कुठे बळानं ती घेतली गेली होती. देशभर मिळून १ कोटी एकरांहून जास्त. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाचा पाया तर विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलावर घातलेला आहे, कारण न्यूयॉर्कच्या वाट्याची जमीन एझ्रा कॉर्नेलनी इथे निवडली. मॅडिसनचं विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे ती हो-चंक लोकांची, १८३२ च्या करारानं त्यांच्याकडून गेलेली. त्याची नोंद करणारा फलक टेकडीवर लागायला २०१९ उजाडलं. धरणाखाली गेलेल्या गावातली माझी मावशी आहे. बागाईत कुणाची झाली आणि पुनर्वसनाचा कागद अजून कुणाच्या ट्रंकेत आहे, हे आमच्या घरात बोललं जातं. म्हणून हे मला ओलांडून पुढे जाता येत नाही. आईलाही मी ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

जमीन एकदाच मिळाली. पुढे काम चाललं ते दर वर्षीच्या पैशावर. हॅच कायद्यानं प्रयोगाला पैसे दिले. १८९० मध्ये दुसरा मॉरिल कायदा आला, त्यातून दक्षिणेत कृष्णवर्णीयांची वेगळी कॉलेजं निघाली, आणि त्यांना त्यांच्या राज्यांनी पुढची सव्वाशे वर्षं हात आखडूनच दिलं. १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा झाला तो विस्तारकार्यासाठी, म्हणजे प्रयोगशाळेतलं शेताच्या बांधापर्यंत नेण्यासाठी. त्यातली खुबी मला फार आवडते. केंद्र काही देणार, राज्यानं तितकेच घालायचे, आणि काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेनं, आपला वाटा उचलायचा. तिघांचे पैसे, म्हणून तिघांनाही विचारायचा हक्क. विस्कॉन्सिननं कायद्याची वाट बघितलीच नव्हती. १९१२ मध्ये उत्तरेकडच्या ओनायडा काउंटीत ई. एल. लूथर नावाचा पहिला कृषी एजंट नेमला गेला होता, तो मोटारसायकलवरून शेतं फिरायचा. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस तेव्हा सांगत होते की या विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक घराला होईपर्यंत मला समाधान नाही. ‘विस्कॉन्सिनची कल्पना’ म्हणून ती इथे अजून ओळखली जाते. टॅक्सीवालासुद्धा सांगतो.

आता वहीचा दुसरा रकाना.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि उत्तरेकडच्या राज्यांत गाई विचित्र मरू लागल्या. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, साधं खरचटलं, तरी रक्त थांबेना. काहींना तर जखमही नाही, कातडीखालीच रक्त साठून मोठाली टेंगळं. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी ओळखलं की हे स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्यामुळे होतं. मेथीच्या नात्यातलं गवत. ताजं असताना काही होत नाही, पण पावसात भिजून बुरशी धरलेलं खाल्लं की ही बाधा होते. चारा फेकून द्या, एवढाच उपाय. पण मंदीच्या दिवसांत, बर्फ पडलेला असताना, दुसरा चारा आणायचा कुठून?

फेब्रुवारी १९३३, शनिवार, हिमवादळ. राज्याच्या वायव्येला डिअर पार्क नावाचं खेडं आहे, तिथला एड कार्लसन नावाचा शेतकरी गाडी घेऊन मॅडिसनला निघाला. अंतर १९० मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. गाडीत एक मेलेली कालवड, शंभरेक पौंड सडका चारा, आणि दुधाच्या किटलीत भरलेलं रक्त. ते रक्त गोठलं नव्हतं. महिना-दोन महिन्यांत त्याच्या कालवडी मेल्या होत्या, आवडती म्हातारी गाय गेली होती, वळूच्या नाकातून रक्त झिरपत होतं. त्याला सरकारी पशुवैद्याला गाठायचं होतं, पण शनिवार दुपार, तिथे कुलूप. हिंडता हिंडता त्याला शेती-रसायनशास्त्राच्या इमारतीचं दार उघडं दिसलं. आत कार्ल पॉल लिंक नावाचे प्राध्यापक आणि त्यांचा सहायक शोफेल काम करत होते.

मी ती किटली डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला तात्यांची किटली दिसते. पोचे पडलेली, कडीला सुतळी गुंडाळलेली. ज्या भांड्यात रोज सकाळी आपण घराची कमाई ओततो, त्यात आपल्या गाईचं रक्त भरून न्यायचं, तीनशे किलोमीटर, वादळात, रस्ताभर ते मागे हिंदकळत राहणार. सहकारी दवाखान्यासमोर म्हैस टेम्पोतून उतरवताना मी तात्यांचा चेहरा बघितला आहे, त्यामुळे कार्लसनचा मला कुणी सांगायला नको.

लिंकनी त्याला खरं तेच सांगितलं. चारा बंद करा. रक्त देता आलं तर द्या. याहून जास्त आज आमच्याकडे काही नाही. संध्याकाळी चारच्या सुमारास तो परत निघाला.

इथे आईनं मला थांबवलं. “म्हणजे रिकामाच गेला?”

हो, म्हटलं. रिकामाच.

“एवढ्या लांबून येऊन?”

किटली मात्र मागे राहिली. लिंक आणि शोफेल त्याच दिवशी तिच्यातल्या रक्तावर कामाला लागले आणि ते काम मग सहा वर्षं चाललं. सडक्या चाऱ्याचे अर्क काढायचे, सशांना द्यायचे, रक्त किती वेळात गोठतं ते मोजायचं, पुन्हा अर्क. विद्यार्थी आले, शिकले, गेले, नवे आले. जून १९३९ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्यानं रात्रभर जागून शेवटी स्फटिक मिळवले, काही मिलीग्रॅम. पुढच्या वर्षी त्याची रचना उलगडली: डायकुमेरॉल. ताज्या गवताला जो गोड वास येतो तो कुमेरिनचा, बुरशी त्यालाच विष बनवते. गाठी धरणाऱ्या रोग्यांना तेच विष मोजून दिलं तर औषध होतं, हे डॉक्टरांनी लगेच हेरलं. १९४५ मध्ये लिंक क्षयानं अंथरुणाला खिळले होते, तिथे पडल्या पडल्या त्यांना सुचलं की यातलं एखादं भावंड उंदरांवर चालेल. प्रयोगशाळेत बनवलेल्या शंभराहून जास्त संयुगांपैकी ४२ क्रमांकाचं निवडलं, तेच वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं, आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही तेच दिलं.

वॉरफरिन या नावातली पहिली चार इंग्रजी अक्षरं, डब्ल्यू-ए-आर-एफ, ही ‘विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेची आहेत, आणि तीही पैशाचीच गोष्ट आहे. याच विद्यापीठातले हॅरी स्टीनबॉक, शेतकऱ्याचा मुलगा. अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं हे त्यांनी १९२४ च्या सुमारास दाखवलं. मुडदूस हटवणारा शोध. एका मोठ्या कंपनीनं मोठी रक्कम देऊ केली, ती नाकारून त्यांनी पेटंट घेतलं आणि त्याचं उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनाला मिळावं म्हणून १९२५ मध्ये ही संस्था उभी राहिली. लिंकच्या कामाला तिनं पैसे पुरवले, म्हणून औषधाला तिचं नाव. बॅबकॉकांनी पेटंट नाकारलं, स्टीनबॉकांनी घेतलं, आणि दोघांचंही मला पटतं. पण पेटंटच्या पैशाला स्वतःचं मत असतं. संस्थेनं मार्गरीन बनवणाऱ्यांना ड जीवनसत्त्वाचा परवाना दिला नाही, राज्यातल्या लोण्याचा धंदा बसेल म्हणून. गरिबाच्या घरी लोणी नव्हतं, मार्गरीनच होतं. पुढे न्यायालयात ती पेटंटं टिकली नाहीत.

आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर निघाली. १९६० मध्ये पंतनगरला पहिलं, त्याला इलिनॉय विद्यापीठाची साथ होती. मग एकेका राज्याला एकेक अमेरिकन विद्यापीठ जोडून दिलं गेलं, महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं. १९६८ मध्ये राहुरी, पाठोपाठ अकोला, दापोली, परभणी. आपल्या राज्यात सोयाबीन लावणारा प्रत्येक जण ‘जेएस ३३५’ ओळखतो. ते बी जबलपूरचं, आणि जबलपूरच्या सोयाबीनचा हात इलिनॉयनं धरलेला. नमुना आणताना एक गोष्ट मात्र सुटली. इथे प्रयोग आणि विस्तार एकाच छताखाली आहेत, काउंटीतला एजंट हा विद्यापीठाचाच माणूस. आपण संशोधन विद्यापीठाकडे दिलं आणि गावात फिरणारा कृषी सहायक राज्याच्या कृषी खात्याकडे. कृषी सहायक आमच्या वस्तीवर यायचा तो अनुदानाचा अर्ज, पंचनामा, यादी घेऊन. तात्यांच्या डोक्यात एखादा प्रश्न असला तरी तो राहुरीपर्यंत जायला वाटच नव्हती. वर्षातून एकदा शिवार फेरीला एसटीनं जाऊन यायचे, पिशवीभर पत्रकं आणायचे आणि पावसाळाभर वाचायचे. त्यांची भूक मी बघितली आहे, म्हणून हे लागतं.

आणि इथेही ते छत गळतंय. हॅच कायद्याचे पैसे गेली काही वर्षं सगळ्या देशाला मिळून २६ कोटी डॉलरच्या आसपास, स्मिथ-लीव्हरचे ३२ कोटींच्या आसपास. महागाई वाढते, आकडा जागचा हलत नाही. बाकीचा पैसा स्पर्धेतून मिळवायचा: प्रस्ताव लिहा, तीन वर्षांचा मिळवा, निष्कर्ष दाखवा, पुन्हा लिहा. कुणी म्हणेल यात काय वाईट, चांगलं काम पुढे येतं. मी फक्त १९३३ पासून १९३९ पर्यंतची वर्षं बोटांवर मोजते. तिसऱ्या वर्षी लिंककडे दाखवायला काय होतं? सडका चारा आणि मेलेले ससे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यातून विद्यापीठाच्या ध्येयातली ‘सत्याचा शोध’ ही ओळ गुपचूप काढलेली आढळली, आणि तिच्या जागी राज्याला लागणाऱ्या मनुष्यबळाची भाषा होती. बोंब झाली, ओळ परत आली. पण दोन वर्षांत २५ कोटी डॉलरची कपात झाली ती झालीच. विस्ताराची पदं आवळली गेली, एकेक एजंट अनेक काउंट्या सांभाळू लागला. २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदतीचं खातं बंद करताना इलिनॉयच्या सोयाबीन प्रयोगशाळेचे पैसे एका फटक्यात थांबले, एका देणगीमुळे तिचं थोडं काम तगलं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ती कुटुंबंच कमी होत चालली आहेत. वीसेक वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये दुधाचे पंधरा हजारांवर गोठे होते, आता सहा हजारही नाहीत.

दर दोन वर्षांनी राज्याच्या अंदाजपत्रकावर गावोगाव सुनावण्या होतात. नाव लिहून चिठ्ठी द्यायची, पुकारलं की माइकसमोर जायचं, दोन मिनिटं मिळतात. एका सुनावणीला मी गेले. माझ्या आधी एक म्हातारा शेतकरी बोलला, हातात टोपी धरून. त्याच्या काउंटीत कृषी एजंटची जागा बरेच महिने रिकामी आहे, मातीचा अहवाल आलाय पण तो समजावून सांगायला कुणी नाही, एवढंच. माझी पाळी आली तेव्हा मी आईच्या वहीच्या दोन पानांचे फोटो मोठे करून नेले होते, एक फॅटचं, एक आयएनआरचं. अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही, म्हटलं, आकडे बघा. आठ हजार मैलांवरच्या एका बाईचा दुधाचा भाव आणि तिचा श्वास, दोन्ही तुमच्या करातून निघाले आहेत, आणि ते देणाऱ्यांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. घंटा वाजली तेव्हा माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. समितीतल्या एका बाईंनी फोटो जवळ मागून घेतला आणि बराच वेळ बघत होत्या.

रात्री आईला फोन केला. तिकडे सकाळ झाली होती, ती नुकतीच लॅबमधून आली होती. आयएनआर २.७. मी सुनावणीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे असावं, कारण मधेच तिनं विचारलं, “त्या शेतकऱ्याचं नाव काय म्हणालीस गं? रिकामा गेला तो.”

कार्लसन, मी सांगितलं. एड कार्लसन.

“आणि गाव?”

डिअर पार्क.

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण निघाल्याचा. आजच्या तारखेखाली ती लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, “‘डिअर’मधला ‘डि’ पहिला की दुसरा?”